हाफकिन : पटकीशी झुंज, लोकविश्वासाची कसोटी

यवतमाळ, प्रतिनिधी

३१ जानेवारी २०२१. पल्स पोलिओ लसीकरणाचा रविवार. घाटंजी तालुक्यातील भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतील कापसीकोपरी गावात पाच वर्षांखालील १२ बालकांच्या तोंडात लसीच्या दोन थेंबांऐवजी चुकून हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर गेले. मुलांना मळमळ व उलट्यांचा त्रास झाला. त्यांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने सर्व बालके बरी झाली. संबंधितांवर कारवाई झाली, चौकशीची चक्रे फिरली आणि काही दिवसांतच ही बातमी वृत्तपत्रांच्या पानांवरून नाहीशीही झाली.

लसीत दोष नव्हता. ती बनविणाऱ्यांचाही दोष नव्हता. शेकडो मैलांचा प्रवास शीतपेटीतून बिनचूक करून आलेली लस शेवटच्या हातभर अंतरावर चुकली. लसीकरणाच्या इतिहासात अशीच, परंतु याहून कितीतरी भीषण चूक ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात घडली होती. त्या चुकीची किंमत १९ ग्रामस्थांनी प्राण देऊन मोजली. पुढे आणखी एका माणसाने ती आयुष्यभर मोजली. त्याचे नाव वाल्देमार मोर्देकाय हाफकिन.

मुंबईच्या परळमधील हाफकिन संस्थेमुळे हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले आहे. प्लेगची लस शोधणारा शास्त्रज्ञ एवढी त्याची ओळख शालेय पुस्तकांतून आपल्याला होते. प्रत्यक्षात हाफकिन भारतात आला तो प्लेगसाठी नव्हे. तो आला होता आतड्यांच्या एका रोगाच्या मागावर. तो रोग म्हणजे पटकी, अर्थात कॉलरा.

ओडेसा ते पॅरिस

हाफकिनचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा या काळ्या समुद्राकाठच्या बंदरात एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. शालेय शिक्षण बर्द्यान्स्क येथे झाले. पुढे ओडेसा विद्यापीठात त्याने प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. तेथे त्याला इल्या मेचनिकॉव्ह यांच्यासारखा गुरू लाभला. रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात हे दाखवून देणारे आणि पुढे १९०८ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले हेच ते मेचनिकॉव्ह.

तो काळ रशियातील ज्यूंसाठी कठीण होता. त्यांच्या वस्त्यांवर हल्ले होत, घरे लुटली जात. तरुण हाफकिन स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या दलात सामील झाला. त्यात तो जखमी झाला, पकडला गेला आणि मेचनिकॉव्ह यांच्या शब्दामुळे सुटला. झारशाहीविरोधी क्रांतिकारक गटाशीही त्याचा काही काळ संबंध होता. परिणामी पोलिसांची नजर वर्षानुवर्षे त्याच्यावर राहिली. शिक्षण पूर्ण झाल्यावर अध्यापकपद मिळविण्याचा मार्ग खुला होता, परंतु त्यासाठी धर्म बदलण्याची अट होती. हाफकिनने ती नाकारली. ओडेसातील प्राणिशास्त्र संग्रहालयातील लहानशा जागेवर त्याने समाधान मानले.

१८८८ मध्ये त्याने मायदेश सोडला. जिनिव्हात काही काळ शरीरक्रियाशास्त्र शिकवून तो पॅरिसला पोहोचला. मेचनिकॉव्ह तोपर्यंत लुई पाश्चर यांच्या संस्थेत दाखल झाले होते. संस्थेत त्या वेळी ग्रंथालयातील साहाय्यकाची एकच जागा रिकामी होती. हाफकिनने तीही आनंदाने पत्करली. दिवसा पुस्तके लावायची, उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि मन शिणले की व्हायोलिन वाजवायचे, असा त्याचा दिनक्रम होता. तो वैद्यकाचा पदवीधर नव्हता. ही गोष्ट पुढे भारतातील गोऱ्या लष्करी डॉक्टरांनी त्याला कधीच विसरू दिली नाही.

मोडशी, पटकी, विषूचिका

ज्या रोगाने हाफकिनला झपाटले त्याला आपल्या भाषेत नावांची कमतरता नव्हती. आयुर्वेदाच्या ग्रंथांत विषूचिका आहे. मराठी मुलखात पटकी हा शब्द रूढ झाला. साथ पसरली की तीच महामारी होई. विदर्भातील गावांच्या वेशीवर आजही दिसणारी मरीमायची ठाणी याच भयाची साक्ष देतात. मोडशी या शब्दाचा प्रवास तर विलक्षण आहे. आज आपण अपचनाच्या त्रासालाही मोडशी म्हणतो. कोकण-गोव्यात पूर्वी तो पटकीसारख्या जीवघेण्या विकाराचा वाचक होता. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले आणि त्याचे स्थानिक नावही नोंदवून ठेवले. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला. फ्रेंचांच्या तोंडी त्याचा इतका अपभ्रंश झाला, की त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ कुत्र्याचे मरण असा होऊ लागला. पटकीचे मरण पाहणाऱ्यांना तो अर्थही चुकीचा वाटला नसावा.

रोगाची नावे अनेक असली तरी कारण कोणालाच ठाऊक नव्हते. दूषित हवा, ग्रहमान, देवीचा कोप अशी कारणे सांगितली जात. १८८३-८४ मध्ये रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने इजिप्त व कलकत्ता येथे संशोधन करून स्वल्पविरामासारखा वाकडा दिसणारा पटकीचा जंतू सर्वांसमोर मांडला. हा जंतू दूषित पाणी वा अन्नातून तोंडावाटे पोटात जातो. जठरातील आम्लात बहुसंख्य जंतू मरतात. वाचलेले जंतू लहान आतड्यात पोहोचतात, तेथील अंतःत्वचेला चिकटतात आणि एक विष सोडू लागतात. या विषामुळे आतड्यातील पेशी शरीरातील क्षार व पाणी आतड्याच्या पोकळीत ओतू लागतात. मोठ्या आतड्याचे काम पाणी शोषून घेण्याचे, परंतु हा लोंढा त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो.

तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, उलट्या, हातापायांत पेटके, खोल गेलेले डोळे, बसलेला आवाज, बंद झालेली लघवी हा पुढचा क्रम. शरीरातील पाणी आटून रक्त घट्ट होते आणि सकाळी शेतात गेलेला धडधाकट माणूस रात्रीपर्यंत दगावू शकतो. आतड्यातील विषाची ही करामत कलकत्त्याचे शास्त्रज्ञ डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सिद्ध केली. हाफकिनच्या काळी हे काहीच माहीत नव्हते. त्याच्या हाती होता केवळ जंतू.

स्वतःच्या कुशीत सुई

देवीच्या रोगावर लस होती. पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरही लस तयार केली होती. त्याच वाटेने पटकीवर जाता येईल असे हाफकिनला वाटले. स्पेनमध्ये फेरान या डॉक्टरने १८८५ मध्ये पटकीची लस टोचली होती, मात्र तिच्या परिणामाबद्दल वाद माजला होता. हाफकिनने जंतू गिनीपिगच्या उदरपोकळीत टोचला. तो प्राणी मेल्यावर त्याच्या उदरातील द्रवातून जंतू काढून दुसऱ्या प्राण्यात टोचला. असे ३९ वेळा केल्यावर जंतूची मारकशक्ती कितीतरी पटींनी वाढली. दुसरीकडे ३९ अंश सेल्सिअस तापमानात हवा खेळती ठेवून वाढविलेला जंतू दुर्बल झाला. आधी दुर्बल जंतू टोचायचा, शरीर सावध झाले की काही दिवसांनी प्रबळ जंतू टोचायचा, अशी दोन टप्प्यांची लस त्याने सिद्ध केली.

जिवंत जंतू टोचूनही माणसाला पटकी कशी होत नाही, असा प्रश्न वाचकांना पडेल. या जंतूला उपद्रव करण्यासाठी आतड्यात पोहोचावे लागते. त्वचेखाली टोचला तर त्या जागी सूज व अंगात ताप येतो, परंतु रोग होत नाही. ही गोष्ट आज सोपी वाटते. १८९२ मध्ये ती माणसावर सिद्ध करण्यासाठी कोणीतरी पुढे होणे आवश्यक होते.

१८ जुलै १८९२ रोजी हाफकिनने पहिली सुई स्वतःच्या कुशीत टोचून घेतली. सहा दिवसांनी दुसरी मात्रा घेतली. दोन्ही वेळा ताप आला, अंग दुखले आणि काही दिवसांत तो पूर्ववत झाला. त्याच्यामागोमाग त्याच्या काही रशियन मित्रांनीही लस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याने आपले निष्कर्ष पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळासमोर मांडले.

परंतु प्रयोगशाळेतील यश म्हणजे साथीतील यश नव्हे, हे तो जाणून होता. लस खरोखर माणसे वाचवते का, हे पटकी जेथे दरवर्षी येते तेथेच कळणार होते. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांच्या प्रोत्साहनाने व शिफारशीने १८९३ च्या मार्च महिन्यात हाफकिन कलकत्त्याच्या किनाऱ्यावर उतरला. तेव्हा त्याचे वय होते ३३.

एकाच तळ्याकाठचे दोन गट

प्रारंभी कलकत्त्यात त्याला थंड प्रतिसाद मिळाला. एप्रिलमध्ये आग्र्याला लोक पुढे आले आणि कामाला वेग आला. लष्करी छावण्या, तुरुंग, आसामातील चहाचे मळे असा त्याचा अखंड प्रवास सुरू झाला. दोन-सव्वादोन वर्षांत सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचण्यात आली. सक्ती कोणावरही नाही, हा त्याचा नियम होता. ज्याला पटेल त्यानेच दंड पुढे करावा.

त्याच्या कामाचे खरे मोल मात्र आकड्याच्या मोठेपणात नाही, तर मोजणीच्या पद्धतीत आहे. मार्च १८९४ मध्ये कलकत्त्याचे आरोग्य अधिकारी सिम्प्सन यांनी त्याला कट्टल बागान या गरीब वस्तीत बोलावले. तेथील सुमारे २०० रहिवासी तळ्याच्या पाण्यावर अवलंबून होते आणि पटकी शिरलेली होती. सुरुवातीला लोक बिथरले. भारतीय डॉक्टरांना सोबत घेऊन, त्यांच्याशी बोलून, त्यांच्यासमोर लस टोचून दाखवून हळूहळू विश्वास मिळविला गेला. ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतरच्या दिवसांत त्या वस्तीत पटकीचे जे नवे रुग्ण आढळले ते सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते.

एकच वस्ती, एकच तळे, तेच अन्न, तीच हवा. फरक केवळ लसीचा. हाफकिन एकाच कुटुंबातील, एकाच कोठडीतील टोचलेल्या व न टोचलेल्या माणसांची स्वतंत्र नोंद ठेवीत असे. आज औषधांच्या चाचण्यांत तुलनेसाठी दुसरा गट ठेवणे अनिवार्य मानले जाते. त्या काळी अशी शिस्त विरळा होती. आकडे प्रतिकूल निघाले तरी तो ते प्रसिद्ध करी. काही ठिकाणी लसीचा परिणाम काही दिवस उशिरा सुरू होतो, काही ठिकाणी तो फार काळ टिकत नाही, हेही त्याने स्वतःच नोंदविले.

या धावपळीत त्याला हिवतापाने गाठले. १८९५ मध्ये तो विश्रांतीसाठी युरोपला गेला आणि पुढच्याच वर्षी परतला.

परळचे ओसाड राजभवन

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गोमंतकीय डॉक्टर अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. सरकारने ऑक्टोबरमध्ये हाफकिनला मुंबईला धाडले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला मिळाली एक खोली व एक ओसरी, हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत त्याने प्लेगची लस तयार केली. या लसीसाठी जंतू वाढवायचे ते मांसाच्या रसात. हिंदू व मुसलमान या दोन्ही समाजांना आक्षेप वाटू नये म्हणून बकऱ्याच्या मांसाचा रस वापरण्यात आला आणि जंतूंना लटकून वाढण्यासाठी त्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवण्यात आले. पुढे उष्णता देऊन जंतू मारायचे आणि त्यात कार्बोलिक आम्ल घालायचे, अशी पद्धत होती.

१० जानेवारी १८९७ रोजी या लसीची पहिली सुईही त्याने स्वतःलाच टोचून घेतली. ती मात्रा पुढे इतरांना दिल्या गेलेल्या मात्रेपेक्षा बरीच मोठी होती. सणसणून ताप भरला असतानाही तो कामावर हजर होता. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली आणि लस घेतलेल्यांचा बचाव स्पष्ट दिसून आला. बडोदा संस्थानातील उंधेरा गावात १८९८ मध्ये त्याने घरोघरी निम्म्या माणसांना लस देऊन निम्म्यांशी तुलना केली.

हे सारे घडत होते ते दिवस मराठी माणसाला वेगळ्याच कारणाने स्मरणात आहेत. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सोजीर घरांत शिरत होते. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. २२ जून रोजी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी दंडुक्याने साथ आवरत नाही, लोक दुरावतात, हे पुण्याने दाखवून दिले. त्याच वर्षी मुंबईत हाफकिनच्या दारी लोक आपल्या पायांनी येत होते. आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेतली आणि आपल्या अनुयायांनाही उद्युक्त केले. कामासाठी त्यांनी जागाही उपलब्ध करून दिली.

ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात हलविण्यात आली. या वास्तूची कथाही पटकीशी निगडित आहे. १८८२ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचा याच घरात पटकीने मृत्यू झाला. त्यानंतर काही वर्षांतच गव्हर्नरांनी आपला मुक्काम मलबार हिलला हलविला आणि परळची वास्तू ओस पडली. पटकीने ज्या घरातून लाटसाहेबांना बाहेर काढले त्याच घरात पटकीशी झुंजणारा माणूस राहावयास आला.

मुलकोवालची बाटली

१९०२ च्या उन्हाळ्यात पंजाबने मोठ्या प्रमाणावर लसीची मागणी केली. परळची प्रयोगशाळा रात्रंदिवस चालू लागली. मागणी पुरी करण्यासाठी पद्धतीत बदल करून कार्बोलिक आम्ल वगळण्यात आले आणि केवळ उष्णतेवर भर देण्यात आला. ३० ऑक्टोबर रोजी मुलकोवाल येथे १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून ज्या १९ जणांना लस दिली गेली त्या सर्वांना धनुर्वात झाला. एकही वाचला नाही.

बाटली दूषित होती यात शंका नव्हती. ती दूषित कोठे झाली, हा प्रश्न होता. परळला भरतानाच, की मुलकोवालला उघडताना? सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने परळकडे बोट दाखविले. कार्बोलिक आम्ल वगळल्याचा मुद्दा हाफकिनच्या विरोधात गेला. त्याला संचालकपदावरून दूर करण्यात आले. आयोगाचा अहवाल प्रसिद्ध व्हायला १९०६ साल उजाडले. दरम्यान हाफकिनने लंडन गाठले होते. ज्याच्या लसीने लाखोंना आधार दिला तो माणूस संशयाचे ओझे घेऊन हिंडत होता.

पुराव्यातील एक बाब मात्र आयोगाने पुरेशा गांभीर्याने घेतली नव्हती. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरून निर्जंतुक करण्याऐवजी कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळून वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि अशा वरवरच्या धुण्याने ते मरत नाहीत. शिवाय धनुर्वाताचे जंतू बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढत असते, तर बाटली उघडताच दुर्गंधी यायला हवी होती. तशी ती आली नव्हती.

हिवतापाच्या संशोधनासाठी नोबेल मिळविणारे रोनाल्ड रॉस यांनी १९०७ मध्ये हे प्रकरण लंडनच्या वृत्तपत्रांतून लावून धरले. कलकत्त्यापासूनचे स्नेही सिम्प्सन व इतर नामवंत जंतुशास्त्रज्ञ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ज्यू असल्यामुळे खोट्या आरोपात अडकविल्या गेलेल्या फ्रेंच कप्तान ड्रेफस याच्या खटल्याशी लोक या प्रकरणाची तुलना करू लागले. अखेर नोव्हेंबर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरला. पाच वर्षे लागली. त्याला वाचविले ते नोंदींनी. बाटलीचा क्रमांक, भरल्याचा दिवस, उघडल्याचा क्षण, चिमट्याचे पडणे हे सारे कोठेतरी लिहिलेले होते म्हणूनच सत्य हाती लागले.

तो भारतात परतला, पण परळला नाही. कलकत्त्यात त्याला प्रयोगशाळा मिळाली. पटकीच्या सुधारित लसीची मोठी चाचणी घेण्याची त्याची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास निवृत्त होऊन तो फ्रान्सला गेला. उत्तरायुष्यात तो धर्मचिंतनाकडे वळला. लग्न त्याने केले नव्हते. आपली पुंजी त्याने पूर्व युरोपातील ज्यू धर्मशिक्षणसंस्थांसाठी ठेवली. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्याचे नाव देण्यात आले. तोवर मुंबईतून त्याच्या प्लेग लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा रवाना झालेल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्याचे निधन झाले. भारत सरकारने १९६४ मध्ये त्याच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

लस पुरी पडली का?

हाफकिनच्या पटकीच्या लसीचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. टोचण्याची लस दशकानुदशके वापरात राहिली. जुन्या पिढीतील अनेकांना जत्रेच्या वाटेवर दंडात घेतलेली सुई आठवत असेल. परंतु तिचे संरक्षण अर्धवट व अल्पकाळ टिकणारे होते. टोचलेल्या लसीने तयार होणारी प्रतिकारशक्ती मुख्यतः रक्तात असते, तर पटकीची लढाई आतड्याच्या अंतःत्वचेवर होते. म्हणून १९७३ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी या लसीच्या दाखल्याची अट काढून टाकली. आता तोंडाने घेण्याच्या लसी आल्या आहेत. त्या थेट आतड्यालाच सावध करतात. भारतात बनलेल्या अशा लसीला २००९ मध्ये परवाना मिळाला.

उपचारात क्रांती घडली ती मात्र साखर व मिठाने. पटकीच्या विषाने आतडे पाणी ओतत असले तरी साखर आणि मीठ एकत्र शोषून घेण्याची त्याची शक्ती शाबूत राहते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शरीरात परत येते. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बोनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी सलाइनच्या बाटल्या संपल्यावर हे साखर-मिठाचे पाणी पाजून असंख्य जीव वाचविले. आज त्यालाच आपण जलसंजीवनी म्हणतो. तयार पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, इतकीच ती कृती.

आणि या सर्वांच्या आधी येते ते पिण्याचे शुद्ध पाणी. हाफकिनच्या काळी आजचा यवतमाळ जिल्हा सरकारदरबारी वूण, म्हणजे वणीच्या नावाने ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडाने पाठोपाठ दोन दुष्काळ सोसले. अशा काळात आटलेल्या विहिरींचा गाळ पिणाऱ्या गावांत पटकीला दार उघडेच असे. तो काळ मागे पडला. तरीही पावसाळा लागला, की गळक्या जलवाहिनीतून वा उघड्या विहिरीतून पोटात जाणारे पाणी आजही गावे आजारी पाडते. फक्त आता आपण त्याला अतिसार वा गॅस्ट्रो म्हणतो. विहिरीत वेळेवर टाकलेली ब्लीचिंग पावडर हे काम दिसायला साधे आहे, परंतु तेही शेवटच्या हातभर अंतरावरचेच काम आहे.

कापसीकोपरीच्या त्या १२ मुलांना पुढे पोलिओचे खरे थेंबही देण्यात आले. त्यासाठी त्यांच्या आईवडिलांना पुन्हा एकदा विश्वास टाकावा लागला असेल. पॅरिसच्या प्रयोगशाळेत स्वतःच्या कुशीत सुई टोचून घेणाऱ्या, वस्तीवस्तीत जाऊन लोकांची संमती मागणाऱ्या आणि प्रत्येक मात्रेची नोंद ठेवणाऱ्या हाफकिनला या विश्वासाची किंमत ठाऊक होती. जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. विश्वास दिसत नाही. पण जमिनीवर पडलेल्या एका चिमट्याने तो मोडू शकतो आणि पुन्हा जोडायला वर्षे लागतात, हे या माणसाच्या आयुष्याइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी दाखविले असेल.